गुलाब पेंटरचा पाखऱ्या

गुलाब पेंटर चांगला माणूस होता असं कुणी म्हणालं, तर मी त्याला माझ्या दुकानाची पायरी चढू देणार नाही. चांगला नव्हता तो. तिरसट होता, तोंडाचा घाण होता, बायकोला त्यानं कधी माणसात धरलं नाही. गावात कुणाच्या मयताला आला, तर हात जोडायच्या आधी डोळे बारीक करून प्रेताकडं बघत राहायचा. माझे सासरे गेले तेव्हा मी उशाशी रडत बसले होते. हा बाबा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताठ झालं की सोपं जातं बघा वहिनी चित्र काढायला. हालत न्हाई." घरात पाव्हणेरावळे होते म्हणून, नाहीतर मी त्याला तिथंच वहाण दाखवली असती.

पण हात होता बाई त्याचा. ते नाकारणारी मी कोण?

पेठ गावात हमरस्त्याला लागून माझं दुकान. एसटीडीचं काचेचं खोकं, एक झेरॉक्सचं मशीन, वह्या, पेनं, लग्नपत्रिका. त्या खोक्याचं दार शेवटपर्यंत कधी नीट लागलं नाही. गावातली निम्मी लफडी मला त्या दारामुळं कळली, आणि गुलाबचा सगळा धंदाही तसाच कळला. त्याच्या घरी फोन नव्हता. मुंबईच्या ऑफिसला त्यानं माझाच नंबर देऊन ठेवला होता. फोन आला की मी पलीकडच्या चहावाल्याला हाक मारायची आणि चहावाला गुलाबच्या आळीकडं तोंड करून बोंब ठोकायचा, "ए पेंटर, झ्याको आला रं!"

झ्याको म्हणजे कमांडर झॅको. सांगते.

त्याच्या आधी गुलाब साधा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, नारायणगावला तमाशाच्या फडांचे बोर्ड. त्या बोर्डांवरच्या बायका अशा काढायचा की खऱ्या बायका पाहून लोक नाराज होत. पण त्याचा खरा जीव होता बैलात, आणि बैलांतही एकाच. त्याच्या थोरल्या भावाच्या, रामदादाच्या गोठ्यात पाखऱ्या होता. आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड किती, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पाखऱ्याची बारी असली की आणे गावच्या पठारावरनं माणसं जीप भरभरून यायची. जिंकला की रामदादा त्याला भंडाऱ्यानं पिवळा करून ओझरच्या गणपतीला घेऊन जायचा, बायकोला मात्र कधी नेलं नाही. दोघे भाऊ त्या बाबतीत सारखेच.

गुलाबनं गोठ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पाखऱ्या काढला होता. पळत नव्हता तो. पळायच्या आधीचा होता. मान खाली, उजवा कान फाटका, डाव्या पुढच्या पायावर सगळा भार आणि उजवा खूर जेमतेम टेकलेला. मला बैलांचं काडीचं कौतुक नाही, शेणाचा वास आला तरी मी नाकाला पदर लावते. पण त्या भिंतीपुढनं जाताना मी सुद्धा जरा बाजूनं जायची. ट्रकवाले गाड्या थांबवून बघायचे.

असाच एक मुंबईचा साहेब ओझरला दर्शनाला चालला होता. भिंत बघून त्यानं गाडी थांबवली आणि माझ्या दुकानात विचारायला आला, हे कुणी काढलं म्हणून. त्याच्या कंपनीचा धंदा असा, की परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीची प्लास्टिकची खेळणी इथं बनवायची आणि प्रत्येक खेळण्याच्या खोक्यात त्याच खेळण्याची चित्रकथा घालायची. स्टॉलवर ते पुस्तक सुटंही मिळायचं. कमांडर झॅको हा त्यातला शूरवीर. चौकोनी जबडा, पाठीवर पंख, हातात तलवार. त्याला चित्रं काढणारा हवा होता.

गुलाब आला. हाताला रंग, दातात ब्रश. साहेबाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला पाखऱ्याचं पुस्तक काढायचंय. घाटाचं. पहिल्या पानापास्नं शेवटापत्तुर. आन वर माझं नाव."

साहेब हसला. "पहले झॅको करो, गुलाब. बाद में तुम्हारा बैल भी देखेंगे."

माझ्या गल्ल्यापाशी उभे राहून ठरलं हे. त्या "देखेंगे"वर माणूस किती वर्षं जगतो, ते मी पुढं बघितलं.

पहिल्यांदा खेळण्यांचं खोकं एसटीच्या पार्सलनं मंचरला आलं. गुलाबनं ते घरी नेलं, झॅकोला दोऱ्यानं आढ्याला टांगला आणि खालून बघत बसला. हा लाकडासारखा उडणारा बाहुला त्याला पटेना. मग त्यानं बायकोला हाक मारली. मंदा त्याची बायको, गरीब गाय. तिला म्हणाला, इळा घे, हात वर कर आणि हालू नको.

आता नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच आपलं चित्र काढतोय म्हटल्यावर मंदानं काय करावं? आधी जाऊन लुगडं बदलून आली. केसाला तेल लावलं. दुपारभर ती परसात उन्हात हात वर करून उभी. शेजारणींना तिनं खुणेनं बोलावून घेतलं होतं, त्यात मीही होते. दंड सुजून आला तरी हू की चू नाही. संध्याकाळी गुलाबनं कागद खाली ठेवला तेव्हा सगळ्याजणी वाकल्या. कागदावर झॅको होता. जबडा, पंख, तलवार.

मंदा म्हणाली, "आन मी?"

"तू हायेस की," गुलाब ब्रश धूत म्हणाला. "दंडात हायेस."

शेजारणी खिदळत घरी गेल्या. पुढं कितीतरी दिवस पाणवठ्यावर मंदाला "दंडाबाई" म्हणायच्या. तिनं नवऱ्याला एक शब्द विचारला नाही, पण माझ्याशीसुद्धा त्या दिवसापासनं ती कमी बोलायला लागली.

गंमत म्हणजे तो दंडही मुंबईहून परत आला. साहेबाचा फोन आला, मी उघड्या दारातनं ऐकत होते, त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर यायचा. "गुलाब, हाथ में इतना गोश्त क्यों है? खिलौना देखो. कोहनी में जोड़ है, हाथ वहीं से मुड़ेगा. बच्चा किताब देखेगा, फिर डिब्बा खोलेगा. दोनों एक होना चाहिए." गुलाब म्हणाला, "साहेब, मानूस असा ऱ्हात न्हाई." साहेब म्हणाला, "वो माणूस नहीं है."

त्या दिवशी त्यानं माझ्याकडनं कंपासपेटीतलं कर्कटक नेलं, ती दोन टोकांची मापं घ्यायची कैची. तेव्हापासनं त्याचं एकच तोंडी बसलं, "मापात हाय का?" झॅकोचं डोकं किती, मांडी किती, तलवार बोटांच्या किती वर, सगळं कर्कटकानं मोजून कागदावर. नियम तरी किती! खेळण्याचं तोंड हसत नाही, तर झॅकोनं हसायचं नाही. जे हत्यार दुकानात विकायला नाही, ते हातात द्यायचं नाही. झॅकोनं बसायचं नाही, कारण खेळण्याचा गुडघा एवढा वाकत नाही. मी एकदा म्हटलं, "मग परसाकडला कसा जातो तो?" गुलाब हसला नाही. त्यालाही ते बहुतेक लागू झालं होतं.

एकच जागा त्याला मोकळी होती. गर्दी. झॅको आणि त्याचा वैरी शहरात मारामारी करायचे, इमारती पडायच्या, आणि खाली माणसं चिरडायची. त्या माणसांची खेळणी नव्हती, त्यामुळं त्यांना माप नव्हतं. गुलाबनं तिथं आमचं गाव घातलं. डेअरीचे निवृत्तीनाना एकदा त्याच्या दुधाला पाणीदार म्हणाले होते. पुढच्या अंकात नाना खांबाखाली. त्याच्या पुढच्या अंकात नाना पुलाखाली. धोतर, टोपी, वरच्या ओठावरचा मस सुद्धा. रेघा मोजून पाच-सहा, पण नाना म्हणजे नानाच. अंक आला की माझ्या दुकानात झुंबड. "या टायमाला कोण मेलं, वहिनी?"

एके दिवशी खुद्द निवृत्तीनाना काठी आपटत आले. मला वाटलं, आता गुलाबचं टाळकं फुटतंय. नानांनी अंक उघडला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बेणं! माझा चेहरा बरुबर घेतलाय. पर कोपऱ्यात घातलाय मला. त्याला म्हनावं, मारायचंच तर मदी मार."

नंतर तर लोक चिरडून घ्यायला त्याच्या मागं लागायचे. कुणी मेथीची जुडी ठेवून जायचं, कुणी कोंबडीची अंडी. गुलाब मेथी ठेवून घ्यायचा आणि त्या माणसाला जिवंत सोडायचा. इतका दुष्ट होता.

मग फोन आला. "गुलाब, ये भीड़ बंद करो. भीड़ बिकती नहीं. उस जगह में झॅको की गाड़ी दिखाओ."

"साहेब, पन शहरात मानसंच न्हाईत, तर झ्याको वाचवनार कुनाला?"

पलीकडनं काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. गुलाब खोक्यातनं बाहेर आला, माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गेला. त्यानंतर झॅकोच्या शहरात एकही माणूस दिसला नाही. इमारती पडायच्या, पूल तुटायचे आणि खाली रिकामा रस्ता. लोकांनी अंक बघणं सोडलं. निवृत्तीनाना मात्र बरेच दिवस येऊन पानं उलटायचे.

पण पाखऱ्याचं पुस्तक त्यानं सोडलं नव्हतं. झॅकोचं पान झालं की तो उरलेला वेळ पाखऱ्यावर घालवायचा, गोठ्यात बैलापुढं बसून. एकदा सगळी पानं घेऊन झेरॉक्सला आला. म्हणाला, "वहिनी, हात धुवून घ्या." माझ्या दुकानात मलाच! पण धुतले बरं मी.

काय सांगू तुम्हाला. वासरू असलेला पाखऱ्या होता त्यात, आईच्या पोटाखाली डोकं खुपसलेला. घाटाच्या तोंडाशी अंगावर काटा आलेला पाखऱ्या. पडलेला, फेस आलेला. प्रत्येक पानावर तोच बैल, आणि एकाही पानावर तसाच नाही. माझं मशीन ती रेघ धड उचलत नव्हतं, तर मला त्या मशीनला लाथ घालावीशी वाटली. आणि पहिल्या पानावर, वर, ठळक: चित्रे आणि कथा, गुलाब पेंटर. आडनाव सुद्धा लावलं नव्हतं. मी म्हटलं, "गुलाबभाऊ, हे छापून आलं ना, तर मी दुकानात पेढे वाटीन." तो म्हणाला, "तुमी नका वाटू. तुमचं पेढं पिठाळ असत्यात."

पानं मुंबईला गेली. मग रोज दुकानात फेरी. "फोन?" मी मान हलवायची. एवढंच बोलणं.

फोन आला तेव्हा साहेब लई खूश. बैल सगळ्यांना आवडला म्हणे. परदेशातनं सुद्धा मंजुरी आली म्हणे. गुलाबनं फोन ठेवला आणि चहावाल्याला सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं. मी त्या माणसाला हसताना त्या दिवशी पाहिलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. दात घाणेरडे होते, तरी बरं वाटलं.

मग पार्सल आलं. त्यानं ते माझ्या टेबलावरच फोडलं, गावातली पाच-दहा टाळकी गोळा झालेली. पुस्तक नव्हतं. आतनं निघाला प्लास्टिकचा बैल. निळाजांभळा. चारी खुरांखाली चाकं. वशिंडावर तांबडा खटका, तो दाबला की नाकपुड्यांतनं दोन गोळ्या सुटायच्या. पुढचे दोन पाय एकाच साच्यातले, हलवला की दोन्ही एकदम हलायचे. खोक्यावरच्या चित्रात झॅको बैलावर उभा, बसता येत नाही म्हणून उभा. आणि बैलाचा उजवा कान फाटका.

गुलाबनं बैल उचलला, उलटा केला, पोटाखालची जोडाची रेघ अंगठ्यानं चाचपली. म्हणाला, "कान बरुबर घेतलाय."

मला त्याचा संताप आला. आपट ना ते जमिनीवर! फोन लाव, आईमाईवरनं शिव्या घाल, गावात सगळ्यांना घालतोस त्या! तर हा कर्कटक काढून माप घ्यायला लागला. मी विचारलं, पुस्तकाचं काय? तो म्हणाला, साहेब म्हनले, आधी हा बैल चालू द्या. मग घाटाचं बघू.

या बैलाच्या अंकाची पहिली पानं त्यानं चोरून खऱ्या पाखऱ्यावरनं काढली. डाव्या पायावर भार, खाली मान. परत आली. "गुलाब, अपना बैल भूल जाओ. खिलौना देखो." त्याचाच बैल त्याला खोडायला लावला हो, पानापानावरनं. त्यानं खोडला. पाय जुळवले, पोटाला जोडाची रेघ दिली, मानेला काप दिला. अंक छापून आला तेव्हा त्यानं माझ्याकडनं भिंग मागून घेतलं आणि मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसला. परदेशी कंपनीचं नाव होतं, मुंबईच्या कंपनीचं होतं, छापखान्याचं होतं. त्याचं नव्हतं.

खेळणं गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या यात्रेला रामदादा पाखऱ्याला घेऊन घाटात उतरला, तर वरनं कुणीतरी ओरडलं, "दादा, चाकांत हवा भरली का?" घाट भरून माणसं हसली. रामदादा मिशीला पीळ देणारा माणूस, त्या हशानं काळानिळा झाला. घरी येऊन त्यानं गोठ्याच्या भिंतीवरचा पाखऱ्या चुन्यानं पांढरा करून टाकला आणि भावाशी बोलणं बंद केलं. गुलाब त्या चुन्याकडं रस्त्यावरनं बघत होता. मला म्हणाला, "एकच हात दिलाय. पावसाळ्यात उघडा पडंल." दादानं दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला.

आणि मग गुलाबनं वर्षानुवर्षं तो चाकांचा बैल काढला. बैल जाळातनं, बैल चंद्रावर, बैल पाण्याखाली. गोठ्याकडं जायची सोय राहिली नव्हती. समोर टेबलावर तेवढं खेळणं. केस पांढरे झाले, डोळ्यांना चष्मा लागला, आणि "मग घाटाचं बघू" काही संपलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "ते तुम्हाला उल्लू बनवतायत." तो म्हणाला, "बनवू दे. पाखऱ्या माझ्या हातात हाय. तो कुठं जातोय?"

पुढं परदेशातल्या कंपनीनं करार मोडला. एका फोनवर झॅको संपला. गुलाबनं विचारलं, माझी घाटाची पानं? साहेब म्हणाला, ऑफिस बदललं, सामानात कुठं गेली पत्ता नाही. गुलाबनं फोन हलकेच ठेवला. झेरॉक्स त्याच्याकडं होत्या, पण माझ्या त्या मशीनच्या. काळ्या डागांत बैल शोधावा लागायचा.

तोवर फ्लेक्स आले होते. पाट्या रंगवायला कुणी बोलावीना. माझंही काचेचं खोकं भंगारात गेलं, ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल. गुलाब दुकानात येऊन बसायचा आणि पत्रिकांवरच्या गणपतींना नावं ठेवायचा.

आणि पाखऱ्या मेला. म्हातारा होऊन, गोठ्यात, रामदादाच्या मांडीवर मान टाकून. आमच्याकडं घाटाचा बैल गेला तर त्याचा दहावा घालतात, माणसासारखा. पिंडदान, प्रवचन, श्रद्धांजल्या, जेवण. लोक म्हणाले, मोठा फ्लेक्स लावू. रामदादानं मान हलवली. स्वतः चालत गुलाबच्या दारात आला, इतक्या वर्षांनी. मी तिथंच मंदाकडं बसले होते.

"गुलाब, पाखऱ्याचा फोटू धड येक न्हाई. पळताना काढल्याला, समदे हालल्याले. तू काढ. पडद्याएवढा काढ, कापड म्या देतो." आणि जाता जाता म्हणाला, "खाली नाव घाल तुझं. मोठं घाल."

भाऊ गेल्यावर गुलाबनं बोटं कडाकडा मोडून घेतली, एक एक. मला म्हणाला, "वहिनी, या टायमाला तुमच्या पेढ्यास्नी नावं ठेवनार न्हाई."

दहाव्यापर्यंत तो शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. कुणाला आत घेतलं नाही. ते खेळणं त्यानं सोबत नेलं नव्हतं, हे मला मंदानं सांगितलं. टेबलावरच पडलं होतं.

ओढ्याकाठी मांडव घातला होता. अर्धा तालुका लोटला होता. पुढाऱ्यांची भाषणं झाली, पाखऱ्या हा केवळ बैल नव्हता वगैरे. मग रामदादानं दोरी ओढली आणि पडदा उलगडला.

रंग तोच. पांढऱ्यावर तांबूस ठिपके, एकेक जागच्या जागी. उजवा कान फाटका. डोळा तर असा की पुढच्या बायकांनी पदर सावरला. पण पुढचे दोन्ही पाय एकसारखे, जुळे, ताठ. मान खांद्याला बसवल्यासारखी, मध्ये गोल काप. वशिंड गुळगुळीत, आणि त्याच्या बरोबर मध्यावर तांबडा ठिपका. पोटाखालनं शेपटापर्यंत एक बारीक करडी रेघ. जोडाची. मन लावून, एकाही ठिकाणी न हलता काढलेली.

मग मागनं एकजण म्हणाला, "आरं, याला चावी कुठनं द्यायची रं?"

जे हशाचं वादळ उठलं ते उठलं. प्रवचनकार बुवा सुद्धा उपरण्यात तोंड घालून हसले. निवृत्तीनाना काठीवर वाकून खोकले. मी हसले नाही, पण मला त्याच्याकडं बघवलंही नाही. गुलाब गोंधळला होता. लोक कशाला हसतायत ते त्याला कळत नव्हतं, खरंच कळत नव्हतं. तो पडद्यापाशी गेला, खिशातनं कर्कटक काढलं, पायाला लावलं, मानेला लावलं. आमच्याकडं वळून म्हणाला, "मापात हाय की. बघा ना. मापात हाय."

लोक आणखी हसले.

रामदादा हसला नाही. खाली उजव्या कोपऱ्यात हातभर अक्षरांत लिहिलं होतं, गुलाब पेंटर. दादानं तिथं बोट ठेवलं. "हे पूस."

"दादा..."

"माझा बैल दोनदा मारलास तू. नाव पूस."

मग त्यानं मांडवाकडं बघून हाक मारली, "मंदे, रॉकेल आन."

मंदा उठली. इतक्या लगबगीनं चालताना मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती. चुलवणाजवळनं तिनं बाटली आणली, फडकंही आणलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. तिथंच उभी राहिली, संपेस्तोवर. गुलाबनं सगळ्या गावासमोर स्वतःचं नाव पुसलं. ओला रंग, पटकन निघाला. नंतर पंगती बसल्या. लापशी चांगली झाली होती.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. माझ्या धाकटीच्या लग्नाची पत्रिका द्यायला रामदादाच्या वस्तीवर गेले होते. आभाळ भरून आलं होतं आणि अंगणात कांद्याचा ढीग उघडा पडला होता. रामदादा आणि त्याचा गडी धावपळ करत होते. गुलाब आता भावाकडंच असायचा, पडेल ते करायचा, जेवायचा. मी हाक मारली, त्यानं नुसतं बघितलं.

ताडपत्री पुरेना. गडी आत गेला आणि तो पडदा ओढत घेऊन आला. रामदादानं तोंड फिरवलं, पण नको म्हणाला नाही. गड्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं चित्र दिसू नये म्हणून कापड उलटं केलं आणि बैल खाली, कांद्याकडं घालून पसरायला लागला.

"आरं येड्या, तसं नगं," गुलाब म्हणाला. पुढं झाला, कापडाचं टोक गड्याच्या हातनं घेतलं आणि झटक्यात सुलटं केलं. पाखऱ्याचा डोळा वर आला. "रंगाची बाजू वर घे. ऑइलपेंट हाय. पानी धरत न्हाई."

मग वाकून एकेक दगड उचलत त्यानं चारी कडा दाबल्या.